योहानला विचारलेला प्रश्न

मी लोकांना मरायला तयार करत असे. हे वाक्य लिहिताना आज मला लाज वाटते, पण पंचवीस-एक वर्षं मी हेच काम मन लावून केलं आणि त्याचा मला अभिमानही होता.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. जालन्यात थोडी घरं, बाकीची जाफराबाद, परतूर, अंबडकडं विखुरलेली. पाळकसाहेब एकटे, ते कुठं कुठं पुरणार? म्हणून आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करण्याचं काम मंडळीतल्या 'वडिलां'कडं असतं. वडील म्हणजे वयानं मोठा असं नाही, मंडळीनं निवडलेला जबाबदार माणूस. मी शाळामास्तर, आवाज खणखणीत, गाणं बऱ्यापैकी. पस्तिशीतच वडील झालो.

आमच्यात एक रीत पडून गेली होती. डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं, की वडिलांपैकी कोणीतरी उशाशी बसायचं, एखादं गीत म्हणायचं, बायबलमधलं वचन वाचायचं आणि घरच्यांदेखत विचारायचं, "तयार आहेस का?" आजाऱ्यानं 'हो' म्हणायचं. बस, एवढंच. पण त्या शब्दाला फार मान. माती देताना मी कबरीपाशी उभा राहून सांगायचो, "आपला भाऊ तयारीनं गेला, मी माझ्या कानांनी ऐकलंय." घरच्यांना तेवढाच आधार व्हायचा. मग मी पुढं जोडायचो, आयुष्य थोडं आहे, कोणाचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, आपणही तयार असा. लोक म्हणायचे, मातीच्या वेळी बोलावं तर शिरसाठ सरांनीच. मला ते आवडायचं. परत येताना मी बोललेली वाक्यं मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघायचो.

योहान माझा विद्यार्थी. जाफराबादच्या शाळेत मी बरीच वर्षं होतो, तेव्हाचा. गणितात कच्चा, पण फळा पुसायला सगळ्यांच्या आधी उठणारा. पुढं त्यानं तिथंच पिठाची गिरणी टाकली, लग्न झालं, बायको मार्था. पंचेचाळिशीच्या आतच त्याचं यकृत गेलं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. मी निरोप मिळाल्याबरोबर गेलो. ओसरीवर बाजेवर पडला होता, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मार्थाबाई पायाशी बसून तळवे चोळत होत्या. मी गीत म्हटलं, वचन वाचलं, विचारलं.

"न्हाई सर," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटून राह्यलं."

माझ्या एवढ्या वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं. मी गांगरलो, आणि गांगरलेला मास्तर जे करतो तेच केलं. धडा पुन्हा शिकवला. विश्वासणाऱ्याला मरणाची भीती नसते हे समजावून सांगितलं, लांबलचक प्रार्थना केली, पुन्हा विचारलं. तो पुन्हा 'न्हाई' म्हणाला. तेव्हा मी म्हणालो, आणि आवाज वर्गातलाच होता, "योहान, नीट उत्तर दे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हो सर. तयार आहे."

मी आमेन म्हणालो. आठवड्याच्या आत तो गेला. मातीच्या वेळी मी त्याचं 'हो' सगळ्यांना सांगितलं. आधीचे दोन नकार सांगितले नाहीत.

ही गोष्ट माझ्या आजाराच्या चार वर्षं आधीची. मी ती विसरूनही गेलो होतो.

*

माझं रक्त पडायला लागलं तेव्हा मी मूळव्याध समजून इसबगोल घेत बसलो. कोणाला सांगायची लाज. जागाच तसली. बायकोलाही सांगितलं नाही, आतले कपडे स्वतःच धुऊन टाकायचो. सुशीलाच्या लक्षात आलं. "अहो, चाळीस वर्षांत रुमाल धुतला न्हाई तुम्ही, आता काय भानगड करून राह्यले?" मी तिच्यावरच खेकसलो. त्या लाजेपायी माझे पाच-सहा महिने गेले. हे वाचणाऱ्या कोणाला असं काही होत असेल तर त्यानं उद्या नाही, आज दाखवावं. दुर्बीण घालून तपासायला फार वेळ लागत नाही, आणि डॉक्टरांना आपल्या अंगाची लाज वाटत नाही.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघं संभाजीनगरला गेलो. डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी "सर, बसा" म्हटलं तेव्हाच मला कळलं, कारण हा आवाज मी स्वतः बऱ्याच घरांत वापरला होता. मोठ्या आतड्यात गाठ, कॅन्सरची. ऑपरेशन, मग केमो. बऱ्यापैकी आशा आहे असंही त्या म्हणाल्या, पण ते मला दुसऱ्या दिवशी सुशीलानं सांगितलं. त्या वेळी मी ऐकतच नव्हतो.

बाहेर आलो. बाकावर एक म्हातारा बसला होता. ऐंशीच्या पुढचा असेल. तोंडात दात नाही, पोरगा त्याला बिस्किट पाण्यात बुडवून चारत होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो देवाचा नव्हता. मी मनात म्हणालो, ह्याला का नाही? मला कशाला, ह्याला द्यायचा होता. अक्षरशः असंच. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि मी तोंड फिरवलं.

बसमध्ये सुशीलानं माझा हात धरून ठेवला होता.  बदनापूर आल्यावर ती म्हणाली, "पाळकसाहेबांना कळवायचं ना? प्रार्थना करतील." मी म्हणालो, "पोटात गाठ आहे एवढंच सांग." मंडळीतल्या आजाऱ्यांना 'लपवू नका, सांगा' म्हणून बजावणारा मीच.

*

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर पोटाच्या डाव्या अंगाला पिशवी चिकटवलेली. आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढलेलं असतं, मल त्या पिशवीत येतो. हे मला आधी समजावून सांगितलं होतं, सहीही घेतली होती, पण समजणं वेगळं आणि स्वतःच्या पोटावर बघणं वेगळं. तिला वेळकाळ नाही. कोणी भेटायला आलं की नेमकी गुडगुड सुरू. वॉर्डातल्या सिस्टरनं पिशवी बदलायला शिकवली. शिकवताना ती घरी भाजी काय करायची याबद्दल सुशीलाशी बोलत राहिली, जणू हे हातातलं काम म्हणजे वाल सोलणंच. त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

घरी आल्यावर पिशवीचं काम सुशीलानं घेतलं. तिनं एकदाही नाक मुरडलं नाही. मी मात्र रोज तिच्यावर तोंड टाकायचो. खिचडी गरम का, खिचडी गार का. एकदा वाटी भिंतीवर फेकली. तिनं भिंत पुसली, दुसरी वाटी आणली आणि माझ्यापासून जरा लांब बसली. त्या लांब बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसांत मी प्रार्थनेत घासाघीस करायचो. दहा वर्षं दे. बरं, पाच दे. निदान मुलीचं बाळंतपण बघू दे. आयुष्य थोडं आहे हे मी लोकांना इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं, आणि माझं थोडं निघालं तर मी बाजारातल्यासारखा भाव करत होतो.

एका रविवारी सकाळी सुशीला पिशवी बदलत होती. मी तिचा पदर धरला आणि रडायला लागलो. "मला मरायचं नाही गं," म्हणालो.  तिनं पदर सोडवून घेतला नाही. एका हातानं काम करत राहिली.

त्याच दिवशी उपासना संपल्यावर मंडळी घरी आली. दहा-बारा जणं. शेजारून खुर्च्या आणल्या. मार्थाबाई जाफराबादहून एसटीनं आल्या होत्या, दाराजवळ सतरंजीवर बसल्या. एव्हाना माझा आजार सगळ्यांना कळलेला होता. गीत झालं, वचन झालं. पाळकसाहेब तरुण आहेत, मला मान देतात. ते संकोचत म्हणाले, "सर, ही रीत तुम्हीच आम्हाला शिकवली. विचारू ना?"

मी उशीला टेकून सरळ बसलो. चेहऱ्यावर हसू आणलं.

"विचारायचं काय त्यात? प्रभूनं बोलावलं तर आत्ता उठून जाईन," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. पाच-सात मिनिटं बोललो. मरण म्हणजे मुक्काम बदलणं वगैरे, नेहमीचं सगळं. चादरीखाली पिशवी भरत होती. बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "विश्वास असावा तर असा." स्वयंपाकघराच्या दारात सुशीला चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती माझ्याकडं बघत होती. आणि मार्थाबाई खाली सतरंजीकडं. सगळे आमेन म्हणाले, मार्थाबाईंचे ओठ हलले नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, "सर, जपा."

लोक गेल्यावर सुशीलानं कपबशा गोळा केल्या. "सकाळी माझ्यापाशी काय म्हणत होतात?" ती म्हणाली. "आता समद्यांना वाटंल सर खंबीर आहेत. कोणी विचारायला यायचं न्हाई. तुमचं भ्या मी एकटीनंच सांभाळायचं का?"

 त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि नेहमीप्रमाणं राग तिच्यावर काढला.

*

केमोला दर पंधरा दिवसांनी जावं लागे. माझ्या शेजारच्या पलंगावर शेखचाचा असायचे. वडीगोद्रीला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान. आजार घशाचा. त्यामुळं आवाज अगदी बसका, पण बोलायची हौस दांडगी. सुई लागताना ते मोठ्यानं "या अल्लाह, डर लगरा" म्हणायचे. सिस्टर हसायची, तेही हसायचे. मला ते बरं वाटायचं नाही. वय झालेल्या माणसानं असं चारचौघांत म्हणावं?

मळमळ थांबावी म्हणून ते लिंबाची फोड मीठ लावून चोखायचे. अर्धी मला द्यायचे. तोंडाला चव नसताना ती फोड काय लागायची हे ज्यानं केमो घेतलंय त्यालाच कळेल.

एकदा जुन्या सवयीनं मी त्यांना विचारलं, "चाचा, तयार आहात का? म्हणजे, वेळ आलीच तर?"

"तय्यार कौन रहता सर?" ते म्हणाले. "मैं तो बीवीकू बोल के रख्या हूं. आखरी टैम मेरेकू डर लगिंगा, तू हात पकड के बैठ. नमाज-रोजा सब बराबर करता मैं. मगर डर तो लगता न. झूट कायकू बोलना?"

त्यांनी डोळे मिटले. मी बाटलीतून पडणारे थेंब बघत पडून राहिलो, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा मला योहानचा आवाज आठवला. लई भ्या वाटून राह्यलं. त्याच्या जागी मी, आणि मी तर तेवढंही खरं बोललो नव्हतो. आमचा प्रभूसुद्धा वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री एका बागेत घाबरला, त्याला घाम फुटला, त्यानं मित्रांना जवळ बसा म्हणून विनवलं. हे मी किती वेळा वाचून दाखवलं असेल. आणि भ्यालेल्या माणसाला मी काय म्हणालो? नीट उत्तर दे.

माझा विश्वास गेला असं कोणी समजू नये. मेल्यानंतर प्रभू आपल्याला टाकून देत नाही हे मी आजही मानतो, त्या पलंगावरही मानत होतो. पण मानणं आणि न घाबरणं ह्या दोन गोष्टी मी एकच करून ठेवल्या होत्या, आणि त्या मोजमापानं लोकांना मापत होतो.

*

सगळं पार पडलं. बारा वेळा केमो झाली, पुढं दुसरं ऑपरेशन होऊन पिशवी गेली. तपासणीत सध्या काही नाही. शेखचाचांचा अधूनमधून फोन येतो, ते पुन्हा दुकानात बसतात. मुलीला मुलगा झाला, तो मी मांडीवर घेतला.

मंडळीनं उपकारस्तुतीची सभा ठरवली. त्यात मी साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं मला कसं तारलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. मी पाळकसाहेबांना म्हणालो, पुढं ढकला. मला आधी जाफराबादला जायचंय.

"एकटे नका जाऊ, थकवा येतो अजून," सुशीला म्हणाली. मी म्हणालो, हे एकट्यानंच करायचं आहे. तिनं डबा भरून दिला आणि जास्त विचारलं नाही.

दुपारी पोचलो. गिरणी आता मार्थाबाई चालवतात. डोक्याला फडकं, भुवया पिठानं पांढऱ्या, ज्वारीचा डबा रिकामा करत होत्या. मला बघून त्यांनी पट्टा थांबवला. एकदम शांत झालं. मला स्टूल दिलं, स्वतः पोत्यावर बसल्या.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही निघालं नाही. "मार्थाबाई," मी म्हणालो, "योहान नाही म्हणाला होता. दोनदा. मी त्याच्याकडून हो वदवून घेतलं. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी तुम्हा सगळ्यांपुढं खोटं बोललो. मला फार भीती वाटत होती. माझं चुकलं."

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं.

"तुम्ही गेल्यावर ते हसल्ते सर," त्या म्हणाल्या. "म्हणले, सरांची शेवटची गाडी जाऊन राह्यल्ती, म्हणून 'हो' म्हणून टाकलं."

मी मान खाली घातली. मरायला टेकलेल्या माणसानं माझी गाडी चुकू नये म्हणून उत्तर दिलं होतं.

"ते न्हाई सांगायचं मला," त्या पुढं म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी सकाळी ते रडाया लागले. माझ्याकडं हात करून म्हणले, मार्था, इथं बस, मला बोलायचंय. अन् मी काय म्हणलं म्हाइतंय? म्हणलं, आता कशाला रडता, सरांपुढं तयार आहे म्हणलात ना. लोक ऐकतील तर काय म्हणतील. मंग ते गप झाले. भिंतीकडं तोंड केलं. पाच दिवस होते त्याच्यानंतर, पर त्या गोष्टीचं पुन्यांदा बोलले न्हाईत."

बाहेर दोन बायका डबे घेऊन आल्या होत्या. त्यातली एक आत डोकावली. मार्थाबाईंनी हातानंच जरा थांबा म्हणून सांगितलं.

"हे मी कोणाला सांगितलं न्हाई. तुमच्या घरी त्या दिशी सांगणार होते, पर तुम्ही एवढं चांगलं बोलले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. "सर, त्यांना वाईट वाटलं असंल का हो माझं?"

अशा प्रश्नांची उत्तरं माझ्यापाशी कायम तयार असायची. तो आता प्रभूजवळ आहे, तिथं दुःख नाही. ते खरं आहे. पण त्या हे विचारत नव्हत्या.

"वाटलं असेल," मी म्हणालो. "एकटं वाटलं असेल त्याला. पण ते तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं."

"दोघांमुळं, सर," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. योहानच्या मातीला मी त्यांना रडू दिलं नव्हतं, तयारीनं गेलेल्या माणसासाठी रडू नये म्हणालो होतो. आता मी वचन काढलं नाही, प्रार्थनाही केली नाही. माझेही डोळे भरून आले होते, ते मी पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या. माठातलं पाणी आणून दिलं, पुन्हा पोत्यावर बसल्या, आणि पोत्यासकट जरा पुढं सरकल्या.

"तुम्हाला कशाचं भ्या वाटत होतं, सर?"

इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षांत मी कोणाला विचारलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली.